सॉफ्टवेअरचा सपोर्ट: पैसे कुठे मोजावेत, मोफत मदत कुठे पुरते

ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात, नवी मुंबईत रबाळे-महापेच्या एमआयडीसीत किंवा वाशीच्या मार्केट यार्डात बिलिंग अडलं की दोनच रस्ते दिसतात. एक, एएमसीवाल्याला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्याला, फोन लावायचा. दोन, एररचा मजकूर शोधून जगात आणखी कोणाला हेच झालंय का ते बघायचं. ‘पैसे भरलेत तर तेच बघतील’ असं म्हणणारे आणि ‘नेटवर सगळं फुकट मिळतं’ असं म्हणणारे, दोघेही प्रत्येक ऑफिसात भेटतात. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात कारखान्याचे दिवसच्या दिवस वाया जातात.

इथे चार सेवा तपासल्या आहेत: टॅलीचं वार्षिक टीएसएस (अपडेट आणि जोडसेवांची वर्गणी), स्थानिक पार्टनरची, म्हणजे टॅली विकून सेवा देणाऱ्याची, एएमसी, लिनक्स सर्व्हरचा सशुल्क सपोर्ट, आणि ईआरपीनेक्स्ट (हिशेबापासून स्टॉकपर्यंत सगळा कारभार सांभाळणारं), पोस्टग्रेस (डेटाबेस) यांसारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमागे उभी असलेली मोफत कम्युनिटी. निकाल आधीच सांगतो. जी अडचण दुसऱ्या कोणाच्या संगणकावरही तशीच उभी करता येते, तिच्यासाठी मोफत मदत बहुतेक वेळा सरस ठरते. जी अडचण तुमच्या डेटात, तुमच्या लायसनमध्ये किंवा तुमच्या तारखेत अडकलेली आहे, तिच्यासाठी पैसे मोजावेत. ऑफिस लहान की मोठं, यावर हे ठरत नाही.

पहिल्या प्रकारचं उदाहरण घ्या. टॅलीप्राइमचं मल्टीयूजर लायसन आहे, सर्व्हर म्हणून ठेवलेल्या संगणकावर सगळं नीट चालतं, पण सोमवारी सकाळी बाकीच्या टेबलांवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसनशिवायच्या शिकाऊ मोडमध्ये, उघडते. महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख सोडली तर कुठलीच एंट्री घेत नाही. लायसन गेलं असं वाटून लोक घाबरतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लायसन जागेवरच असतं, इतर संगणकांना ते दिसत नसतं एवढंच. क्रमाने बघा. सर्व्हरच्या संगणकावर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये टॅली गेटवे सर्व्हर (इतर संगणकांना लायसन पुरवणारा प्रोग्रॅम) चालू आहे का? बंद असेल तर चालू करून स्टार्टअप ऑटोमॅटिकवर ठेवा. त्या संगणकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदललाय का? राउटर रीस्टार्ट झाला की त्यातली पत्ते वाटणारी डीएचसीपी सोय नवा आयपी देते आणि बाकीचे संगणक जुन्याच पत्त्यावर लायसन शोधत बसतात. राउटरमध्ये तो आयपी कायमचा राखून ठेवा. तिसरं, विंडोज अपडेटनंतर नेटवर्कचं प्रोफाइल प्रायव्हेटवरून पब्लिकवर गेलंय का? गेलं असेल तर फायरवॉल पोर्ट ९९९९ अडवते, आणि गेटवे सर्व्हर नेहमीच्या मांडणीत त्याच पोर्टवर बोलतो. त्या पोर्टला इनबाउंड परवानगी द्या. फायरवॉल सरसकट बंद करू नका. या तीन तपासण्यांना वीस मिनिटं लागतात, आणि उत्तर कोणीही देऊ शकतो, कारण ही अडचण सगळीकडे सारखीच असते. यासाठी इंजिनिअरची व्हिजिट मागवणं म्हणजे पैसा आणि अर्धा दिवस दोन्ही घालवणं.

आता दुसऱ्या प्रकारचं. वीज गेली, सर्व्हरला यूपीएस नव्हता, आणि टॅलीत कंपनी उघडताना मेमरी ॲक्सेस व्हायोलेशनचा एरर येतो. इथे मोफत सल्ला एका मर्यादेपर्यंतच न्यावा. सगळ्या संगणकांवर टॅली बंद करायची, कंपनीचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं, टीडीएल फाइल्स (टॅलीत करून घेतलेल्या खास बदलांच्या) लोड न करता टॅली उघडून बघायची, आणि मग कॉपीवर, फक्त कॉपीवर, ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूतून रिपेअर चालवायचं. रिपेअरनंतर ट्रायल बॅलन्स आणि व्हाउचरची संख्या शेवटच्या चांगल्या बॅकअपशी ताडून बघायची. आकडे जुळत नसतील तर तिथेच थांबा. यापुढे तुमचा डेटा कोणाला तरी उघडून दाखवावा लागतो आणि तो जगासमोर टाकता येत नाही. ग्राहकांचे जीएसटी नंबर, बँक खाती, पगार सगळं त्यात असतं. ज्याच्याशी लेखी करार आहे त्यालाच तो द्यावा. आणि डेटाचं फोल्डर ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवलं असेल तर आधी तिथून बाहेर काढा. टॅली फाइल लिहीत असताना सिंकने ती पकडली की डेटा करप्ट होतो. क्लाउडवर जायचा तो बॅकअप, चालू डेटा नव्हे.

टीएसएसबद्दल थोडक्यात. टॅलीचं कायमस्वरूपी लायसन घेतलं की टीएसएस संपल्यावरही सॉफ्टवेअर चालतं, पण नव्या आवृत्त्या मिळत नाहीत आणि टॅलीतून थेट ई-इनव्हॉइस, ई-वे बिल करणाऱ्या जोडसेवा बंद होतात. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. दहा कोटींवर उलाढाल असेल तर १ एप्रिल २०२५पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं. कंपनी कायद्याखाली नोंदणी असेल तर १ एप्रिल २०२३पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल हवा. नियम असे हलत असताना जुन्या आवृत्तीवर बसून राहणं महागात पडतं. ई-इनव्हॉइस लागू असलेल्याने टीएसएस घ्यावंच, त्यावर चर्चा नको. महिन्याला दहा-वीस बिलं काढणाऱ्या लहान दुकानदाराला, ई-इनव्हॉइस लागू नसेल तर, एखादं वर्ष थांबता येतं. मात्र टीएसएस म्हणजे तुमच्या ऑफिसात येऊन काम करून देणारा माणूस नव्हे. ही गल्लत फार होते, आणि मग पार्टनरशी वाद होतात.

खरी तपासणी लागते ती पार्टनरच्या एएमसीची. ठाणे-नवी मुंबईत दर, सोयी, वागणूक सगळ्यांतच मोठा फरक असतो, आणि करार बहुधा एका पानाचा असतो. त्या पानावर ‘चार तासांत रिस्पॉन्स’ असं ठळक छापलेलं असतं. रिस्पॉन्स म्हणजे कोणीतरी फोन उचलून ‘बघतो’ म्हणणं. काम पूर्ण होण्याची वेळ म्हणजे रिझोल्यूशन, आणि ती बहुतेक करारांत नसतेच. ती लिहून घ्या. सगळ्याच अडचणींना मुदत घालता येत नाही हे खरं, कोणताही प्रामाणिक इंजिनिअर तसं सांगेलही. पण तीन पायऱ्या सहज ठरवता येतात. बिलिंग पूर्ण बंद, दोन तासांत माणूस कामाला लागलेला आणि त्याच दिवशी पर्यायी व्यवस्था. एखादा रिपोर्ट किंवा प्रिंट अडलाय, दुसऱ्या दिवसापर्यंत. नवी सोय हवी आहे, ठरलेल्या तारखेला. पर्यायी व्यवस्था म्हणजे काय तेही लिहा: ई-इनव्हॉइस अडलं तर पोर्टलच्या ऑफलाइन युटिलिटीतून जेसन फाइल बनवून अपलोड करून देणं, सर्व्हर गेला तर दुसऱ्या संगणकावर कालचा बॅकअप उघडून देणं.

मग वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. व्हायरस, विंडोजच्या अडचणी, नेटवर्क, प्रिंटर, वीज गेल्याने झालेलं डेटाचं नुकसान, हे सगळं बहुधा करारातून वगळलेलं असतं. म्हणजे ज्या कारणांनी टॅली प्रत्यक्षात बंद पडते, तीच बाहेर. पार्टनरने हे वगळू नये असं म्हणणं नाही, त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींची जबाबदारी तो कशी घेणार? पण मग नेटवर्क आणि विंडोज बघणारा दुसरा माणूस कोण, हे तुम्हाला ठाऊक हवं, आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर कोणी थांबायचं तेही. एक वाक्य करारात घाला: कारण सापडेपर्यंत दोघांनी एकाच रिमोट सेशनमध्ये बसायचं. एवढ्याने बरेच वाद मिटतात.

टीडीएलचा मुद्दा जवळपास प्रत्येकाकडून सुटतो. चलनावर वजन-नग, गेटपासचा फॉरमॅट, दलालीचा रिपोर्ट, असे छोटे बदल पार्टनर टीडीएलमध्ये लिहून देतो. देताना तो बहुधा कंपाइल केलेली टीसीपी फाइल देतो. ती चालते, पण उघडून वाचता येत नाही. दोन वर्षांनी टॅलीची आवृत्ती बदलली आणि तो फॉरमॅट मोडला, की जगातला कोणीही मोफत मदतनीस काही करू शकत नाही, दुसरा पार्टनरही नाही. फक्त पहिलाच. बदल करून घेतानाच मूळ मजकुराची फाइल मागा आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तर द्या. अपग्रेडनंतर काही बिघडलं तर सगळ्यात आधी एफ-वनमधल्या टीडीएल आणि ॲड-ऑनच्या मेनूतून लोकल टीडीएल लोड होणं बंद करून बघा. अडचण गेली तर दोष टीडीएलचा, राहिली तर टॅलीचा किंवा डेटाचा. ही एक चाचणी करून फोन केलात तर समोरच्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचाही.

सपोर्टच्या वेळा हा नवी मुंबईत स्वतंत्र विषय आहे. एएमसीची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात छापलेली असते. वाशीच्या भाजीपाला आणि फळ मार्केटचा धंदा पहाटे सुरू होतो, दहा वाजेपर्यंत गाड्या रिकाम्या होऊन जातात. अशा पेढीने दहा ते सातची एएमसी घेणं म्हणजे दुकान बंद असतानाचा पहारेकरी ठेवणं. त्यांनी पहाटे चार ते दहा या वेळेतल्या फोनचा वेगळा दर ठरवावा, आणि तो मिळत नसेल तर एएमसीचे पैसे दुसरा तयार संगणक ठेवण्यात घालावेत: तेच टॅली, रोज रात्री आपोआप येणारा बॅकअप, आणि लायसन एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर कसं घ्यायचं याची छापील पायरीवार चिठ्ठी. कांदा-बटाटा, मसाला, धान्य मार्केटच्या वेळा थोड्या सोयीच्या आहेत, तिथे साधी एएमसी चालते.

व्हिजिटची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही, रिमोटवर बहुतेक कामं होतात. तरीही इंजिनिअर कुठून येणार हे विचारा. नौपाड्यातून वागळेला येणं वेगळं आणि ठाण्यातून रबाळ्याला येणं वेगळं. पावसाळ्यात ठाणे-ऐरोली वाटेवरच्या विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की चार तासांच्या व्हिजिटचा शब्द कोणीच पाळू शकत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कारखाना असेल तर ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या बाजूचा माणूस असलेला पार्टनर बघा.

आता पैशांचा हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतो, तुमचे तुम्ही घाला. समजा, एएमसी वर्षाला १८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४० रुपये, एकूण २१,२४०. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर खरा खर्च १८,०००. तोच पार्टनर करार नसताना एका कॉलचे ८०० रुपये घेतो. मग वर्षाला २२ कॉलपर्यंत सुटे पैसे देणं स्वस्त, २३व्या कॉलपासून एएमसी स्वस्त. ठरवण्याआधी तीन महिने एक वही ठेवा: तारीख, काय अडलं, कोणी सोडवलं, किती मिनिटं काम थांबलं. तीन महिन्यांत पाच कॉल झाले तर वर्षाचे वीस, सुटे पैसे द्या. सहा झाले तर चोवीस, एएमसी घ्या. त्या वहीत आणखी एक गोष्ट दिसते. बरेचसे कॉल बिघाडाचे नसतात, माहितीचे असतात. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा मास्टरमध्ये नवा दर त्या तारखेपासून कसा लावायचा, हा बिघाड नव्हता. अशा कॉलना कितीतरी करारांत ‘ट्रेनिंग’ म्हणून वेगळं बिल लागतं. ते आधी विचारा.

पार्टनर निवडायचा असेल तर तीन चाचण्या पुरतात. त्याला आपल्या बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर कंपनी उभी करून दाखवायला सांगा. जो हे टाळतो त्याला सोडा. महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी साडेसहाला फोन लावून बघा. अकरा तारखेला जीएसटीआर-वनची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, मुदत असते आणि सगळ्या गावाचे फोन त्याच वेळी वाजतात, त्या गर्दीत तो उचलतो का ते कळेल. आणि तुमचं काम बघणारा मुलगा सुटीवर असेल तर दुसरा कोण, त्याचं नाव विचारा. एकाच माणसावर चालणारी एएमसी वाईटच असते असं नाही, पण तिचा दर तसा असावा. ॲडमिन पासवर्ड, टॅलीचा सीरियल नंबर, लायसन ज्या ईमेलला जोडलंय तो ईमेल, तिन्ही मालकाच्या ताब्यात हवेत. पार्टनरच्या ईमेलवर लायसन नोंदवलेलं असेल तर आजच बदलून घ्या.

लिनक्स सर्व्हरकडे वळू. इथे सशुल्क सपोर्ट कसा लिहावा याचा धडा रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या अटींत मिळतो. अडचणीच्या चार पातळ्या ठरलेल्या आहेत. उत्पादनच बंद पडलं ही पहिली. प्रीमियम करारात पहिल्या पातळीला दिवसरात्र केव्हाही एका तासात पहिला प्रतिसाद, स्टँडर्डमध्ये कामकाजाच्या एका तासात. दुसऱ्या पातळीला प्रीमियममध्ये दोन तास, स्टँडर्डमध्ये कामकाजाचे चार तास. म्हणजे शनिवारी रात्री सर्व्हर पडला तर स्टँडर्डवाल्याचं घड्याळ सोमवारी सुरू होतं. तेही मान्य असेल तर स्टँडर्ड पुरतो. तिकीट टाकताना सॉस रिपोर्ट नावाची माहितीची गठडी ते मागतातच, ती आधीच जोडली तर पहिला निरोप वाया जात नाही.

उबुंटू या लिनक्सचं गणित निराळं. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मोफत, उबुंटू प्रो घेतलं की दहा वर्षं. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत प्रो फुकट आहे. पण प्रो म्हणजे अपडेट, फोनवर बोलणारा माणूस नव्हे. तो सपोर्ट वेगळा विकत घ्यावा लागतो. हे न वाचता प्रो घेणारे नंतर नाराज होतात.

आणि जुनं मशीन. सेंटओएस ७ या मोफत लिनक्सचा अपडेटचा कालावधी ३० जून २०२४ला संपला, तरी कारखान्यांच्या कोपऱ्यात ते अजून चालू असलेले सर्व्हर आहेत. ‘एएमसी आहे ना’ हा दिलासा तिथे पोकळ आहे, कारण स्थानिक माणूस सर्व्हर पुन्हा चालू करू शकतो, सुरक्षेचे पॅच बनवू शकत नाही. आल्मा किंवा रॉकी लिनक्सवर जा, दोन्ही मोफत आहेत. मोफत गोष्टीचा भरवसा किती, याचं उत्तरही सेंटओएसच देतं. सेंटओएस ८ २०२९पर्यंत चालणार असं धरून लोकांनी ते बसवलं, डिसेंबर २०२०मध्ये धोरण बदललं आणि ३१ डिसेंबर २०२१ला ते बंद झालं. मोफत सॉफ्टवेअर घ्याच, पण दुसरीकडे हलायची वाट माहीत ठेवा.

मोफत कम्युनिटीबद्दल आदराने लिहायला हवं, कारण तिच्यातली कितीतरी उत्तरं त्या सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकांकडून येतात. पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. या डेटाबेसची मालकी कोणत्याही एका कंपनीकडे नाही. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि नीट लिहिलेल्या प्रश्नाला कोड लिहिणारी माणसं स्वतः उत्तर देतात. असा माणूस एएमसीत क्वचितच भेटतो. क्वेरी मंद असेल तर ते काय मागणार हे ठरलेलं आहे: आवृत्तीचा पूर्ण आकडा, टेबलांत किती ओळी, कोणते इंडेक्स, आणि एक्सप्लेन ॲनालाइझ बफर्ससह चालवून आलेला पूर्ण प्लॅन. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर हवा. मजकूर शोधता येतो, कॉपी करून चालवता येतो, फोटोचं काहीच करता येत नाही.

ईआरपीनेक्स्ट मुंबईत घडलेलं सॉफ्टवेअर आहे, फ्रॅपे या कंपनीचं, आणि पूर्ण ओपन सोर्स. महापे-तुर्भ्याच्या मध्यम कारखान्यांना ते परवडतं ते या मोफत कम्युनिटीमुळेच. तिथला नेहमीचा प्रश्न: इनव्हॉइस स्क्रीनवर नीट दिसतं, पण पीडीएफमध्ये लेटरहेड आणि पानाचा तळ गायब. कारण बहुधा एकच. पीडीएफ बनवणारं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ लिनक्सच्या साध्या भांडारातून बसवलेलं असतं, त्यात क्यूटी या लायब्ररीची पॅच केलेली आवृत्ती नसते, आणि त्याशिवाय हेडर-फूटर चालत नाहीत. पॅच केलेली आवृत्ती बसवली की काम झालं. दुसरा नेहमीचा: ईमेल जात नाहीत, रात्रीची आपोआप होणारी कामं होत नाहीत. बेंच डॉक्टर ही तपासणीची आज्ञा चालवा, वर्कर (मागे कामं करणारे प्रोग्रॅम) जिवंत आहेत का आणि कामं तुंबलीत का ते दिसेल. साइटचा शेड्यूलर बंद पडलाय का तेही बघा. ही उत्तरं मोफत मिळतात आणि अचूक असतात.

पैसे लागतात ते आवृत्ती बदलताना. तेरावरून पंधरावर जायचं तर मधली चौदा ओलांडावी लागते, आणि तुमच्यासाठी लिहिलेलं कस्टम ॲप प्रत्येक टप्प्यावर मोडू शकतं. ते ॲप जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, म्हणून कम्युनिटीकडे त्याचं उत्तरही नाही. इथे जाणकाराला पैसे द्या, आधी वेगळ्या सर्व्हरवर रंगीत तालीम करायला लावा, आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात लावू द्या. बॅकअप घेताना फाइल्ससहचा पर्याय द्या, नाहीतर फक्त डेटाबेस येतो आणि बिलांना जोडलेली कागदपत्रं मागे राहतात. साइटच्या कॉन्फिग फाइलमधली एन्क्रिप्शन की वेगळी जपून ठेवा. ती नसेल तर बॅकअप परत उभा राहतो, पण साठवलेले ईमेलचे पासवर्ड उलगडत नाहीत.

प्रश्न कसा विचारावा यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण मोफत मदतीचं सगळं यश त्यावर उभं आहे आणि सशुल्क तिकिटालाही तेच लागू पडतं. ‘टॅली उघडत नाही, अर्जंट’ याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, एररचा अक्षरशः मजकूर, काय केल्यावर येतो, काय व्हायला हवं होतं, शेवटचं नीट कधी चालत होतं, त्यानंतर काय बदललं, आणि आतापर्यंत काय करून पाहिलं. शेवटून तिसरी आणि दुसरी बाब सगळ्यात मोलाची, आणि त्याच लोक गाळतात. ‘शुक्रवारपर्यंत चालत होतं, शनिवारी राउटर बदलला’ या एका ओळीत निदान असतं. शिवाय मूळ अडचण सांगा, तुम्ही शोधलेला उपाय नव्हे. ‘पोर्ट कसा बदलायचा’ असं विचारलं तर पोर्ट बदलायचं उत्तर मिळेल. खरी अडचण दुसऱ्या टेबलावर लायसन दिसत नाही ही असेल, तर तीच लिहा. ग्राहकांची नावं, जीएसटी नंबर, मोबाईल बदलून टाका. इंग्रजी साधी, तुटक असली तरी चालते. संध्याकाळी टाकलेल्या प्रश्नाला रात्रीतून उत्तर येण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हा युरोप-अमेरिकेत कामाचा दिवस चालू असतो. उत्तर लागू पडलं तर परत जाऊन तसं लिहा, नेमकं कशाने झालं तेही. पुढच्या माणसाची रात्र त्यामुळे वाचते.

मोफत उत्तर वापरतानाही पारख हवी. आधी तारीख आणि आवृत्ती बघा. २०१६चं उत्तर टॅली ईआरपी नाइनचं असतं आणि टॅलीप्राइममध्ये त्या मेनूचा पत्ताच वेगळा. फाइलच्या परवानग्या सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करा, फायरवॉल बंद करा, एसईलिनक्स (लिनक्सचं सुरक्षा कवच) बंद करा, अँटिव्हायरस काढा, ही उत्तरं लागू पडतात आणि म्हणूनच घातक आहेत. अडचण दिसेनाशी होते आणि दार उघडं राहतं. जी आज्ञा काय करते ते समजत नाही, ती खऱ्या सर्व्हरवर चालवू नका. आणि तारीख डोक्यावर असेल तर मोफत मदतीवर विसंबू नका. स्वयंसेवकाला तुमची जीएसटी रिटर्नची वीस तारीख ठाऊक नसते, ती त्याने पाळावी अशी अपेक्षाही चुकीची.

तारखेच्या दिवशी ई-इनव्हॉइस अडलं तर सपोर्टला फोन लावण्याआधी ब्राउझरमधून थेट पोर्टलवर लॉगिन करून बघा. तिथेही अडत असेल तर दोष टॅलीचा नाही, तुमच्या पार्टनरच्याही हातात काही नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. एरर २१५० आला तर त्या बिलाचा आयआरएन (पोर्टलने दिलेला ई-इनव्हॉइसचा नंबर) आधीच तयार झालाय, फक्त उत्तर तुमच्यापर्यंत पोचलं नाही. नवा नंबर देऊन दुसरं बिल काढू नका, तयार झालेला आयआरएन पोर्टलवरून परत मागवा.

सपोर्टचा नंबर शोधयंत्रातून कधीही उचलू नका. कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेली माणसं रिमोट ॲप टाकायला सांगतात आणि बँकेचं पान उघडायला लावतात. खरा नंबर सॉफ्टवेअरच्या आतल्या मदत मेनूत किंवा तुमच्या खरेदीच्या बिलावर असतो. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, बँकेला कळवा. सर्व्हरवर हल्ला झाला असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवण्याची जबाबदारी तुमच्या संस्थेचीही आहे. एएमसीवाल्याने सांगितलं नाही म्हणून ती टळत नाही.

एएमसीच्या नूतनीकरणाची तारीख ३१ मार्च येऊ देऊ नका. त्या आठवड्यात वर्षअखेरीमुळे पार्टनरकडे माणूस नसतो आणि तुमच्याकडे करार वाचायला वेळ नसतो. पहिल्या वर्षी चार-पाच महिन्यांचे प्रमाणात पैसे जास्त भरा आणि तारीख ऑगस्टमध्ये सरकवून घ्या. तोवर कॉलची वही भरलेली असेल, ती समोर ठेवूनच दर बोला.